लेबलावर नसलेली नावं

मुंबईच्या जॅझचा माग काढायचा तर सुरुवात चोरबाजारापासून करावी, असं रेकॉर्ड जमवणारे सांगतात, आणि ते खरंच आहे. मटन स्ट्रीटवर जुने आरसे, बंद पडलेली घड्याळं आणि पितळी दिवे यांच्या गर्दीत रेकॉर्डचे गठ्ठे आजही उभे असतात. त्यातली लाखेची तबकडी हातात घेतली की आधी जाणवतं तिचं वजन. दहा इंची, काळीभोर. टिचकी मारली तर भाजलेल्या मातीच्या भांड्यासारखी वाजते, निसटली तर चिनी बशीसारखी फुटते. ही लाख पळसाच्या आणि कुसुमाच्या झाडांवर किड्यांनी केलेली. तिच्यात दगडाची पूड आणि काजळी मिसळून मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या रेकॉर्ड बनत, आणि जगाला लाख पुरवणारा मुख्य देश भारतच होता. म्हणजे लुई आर्मस्ट्राँगचा कॉर्नेट शिकागोत ज्या चरांमध्ये कोरला गेला, त्या चरांचा कच्चा माल बहुधा छोटा नागपूरच्या जंगलांतून गेलेला होता. जॅझ हे आपल्याकडचं नाहीच, असं ठामपणे म्हणणाऱ्याने ही तबकडी एकदा तळहातावर तोलून पाहावी.

मात्र या गठ्ठ्यांमध्ये मुंबईत वाजवलं गेलेलं जॅझ शोधायला लागलं की निराशा होते. अमेरिकेचा एलिंग्टन मिळतो, बेनी गुडमन मिळतो, पण मुंबईचा माल फार थोडा. खरं तर इथे जॅझ कमी वाजलं नव्हतं. १९३५ साली व्हायोलिनवादक लिऑन ॲबी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वादकांचा ताफा घेऊन ताजमहाल हॉटेलात आले. त्यांच्यामागून ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आले, पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. वेदरफर्ड तर परत गेलेच नाहीत. १९४५ साली कलकत्त्यात पटकीने त्यांचा मृत्यू झाला. पाहुणे पांगल्यावर त्यांच्या खुर्च्यांवर गोव्याचे आणि अँग्लो-इंडियन वादक बसले आणि पुढची पंचवीसएक वर्षं मुंबईच्या नाचघरांमध्ये त्यांनी रोज रात्री वाजवलं. पण ते नाचणाऱ्यांसाठीचं संगीत होतं. त्यातलं फार थोडं रेकॉर्डवर उतरलं, बाकीचं रात्रीबरोबर संपलं. म्हणून ‘मुंबईचं जॅझ हरवलं’ असा उसासा अनेकदा ऐकू येतो. मला तो पटत नाही. हे जॅझ टिकलं आहे, फक्त ते ज्या कप्प्यांत पडून आहे तिथे जॅझचे शौकीन सहसा हात घालत नाहीत. एक कप्पा हिंदी चित्रपटांचा आणि दुसरा गोव्यातल्या घरांच्या स्वयंपाकघराचा. दोन्हीकडे ते ओळखू येत नाही याचं कारणही एकच आहे: ज्यांनी हात लावला त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

नाव लिहिणं ही किरकोळ गोष्ट नाही, हे रेकॉर्डचं लेबलच सांगतं. १९४९ च्या ‘महल’मधल्या ‘आयेगा आनेवाला’च्या रेकॉर्डवर गायिका म्हणून नाव छापलं होतं ‘कामिनी’. कामिनी म्हणजे चित्रपटातलं पात्र. लता मंगेशकरांचा आवाज देशभर पोचला तो आधी एका काल्पनिक बाईच्या नावाने. पुढे गायकांची नावं लेबलावर आली. संगीतकाराचं आलं, गीतकाराचं आलं. वादक मात्र आलेच नाहीत. चोरबाजारातली कुठलीही फिल्मी रेकॉर्ड उजेडात धरून लेबल वाचून पाहा: चित्रपट, गाण्याचे शब्द, गाणारे, चाल देणारा, क्रमांक. ट्रम्पेट कुणाचा, क्लॅरिनेट कुणाचं, या गाण्याचं वाद्यमेळाचं लिखाण कुणी केलं, याबद्दल त्या छोट्याशा वर्तुळात एक अक्षर नसतं. आपल्या हातात जॅझची रेकॉर्ड आहे हे संग्राहकाला कळत नाही, त्याचा दोष संग्राहकाचा कमी आणि या वर्तुळाचा जास्त.

चोरबाजारातून धोबीतलावला पायी येता येतं आणि या शोधात तेच करायला हवं. मेट्रो सिनेमाच्या चौकात उभं राहिलं की हे वादक कोण या प्रश्नाचं निम्मं उत्तर डोळ्यांसमोर असतं. मेट्रो १९३८ साली हॉलिवूडच्या एमजीएम कंपनीने बांधलं, तेव्हा अमेरिकन संगीतपट इथे पडद्यावर येत. समोरच्या जेर महालमध्ये गोवेकरांचे ‘कूड’ आहेत. गावागावाने मुंबईत काढलेले हे क्लब. आत भिंतीला लागून सभासदांच्या ट्रंका, एका बाजूला देवाचा आल्तार आणि संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना. बोटीवर खलाशी किंवा आचारी म्हणून जाणारे इथे उतरत, तसे हॉटेलात वाजवायला आलेले वादकही. जवळच फुर्तादोचं वाद्यांचं आणि स्वरलिपीच्या पुस्तकांचं जुनं दुकान. या माणसांना स्वरलिपी वाचता येत होती, हा या कथेतला कळीचा मुद्दा. गोव्यात चर्चला जोडलेल्या पॅरिश शाळांमध्ये मुलांना व्हायोलिन आणि पाच रेघांची लिपी शिकवत, मिस्साच्या आणि फेस्ताच्या संगीतासाठी. ती विद्या घेऊन ते मुंबईत आले तेव्हा इथल्या बहुतेक संगीतकारांना ती लिपी येत नव्हती. संगीतकार पेटीवर चाल गाऊन दाखवी, अरेंजर ती उतरवून घेई, कोणत्या वाद्याने कुठे काय वाजवायचं ते लिही आणि चाळीस वादकांपुढे कागद ठेवी. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांमागे हे काम सेबॅस्टियन डिसूझा करत. फाळणीपूर्वी त्यांचा लाहोरच्या हॉटेलात स्वतःचा बँड होता. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने नाचघरांचं उत्पन्न आटवलं तसा या वादकांचा ओघ स्टुडिओकडे आणखी वाढला. जॅझने आपला पत्ता बदलला तो असा.

पुराव्यादाखल एकच चित्रपट घ्यायचा तर मी १९५१ चा ‘अलबेला’ घेईन. दिग्दर्शक आणि नायक गिरणी कामगाराचा मुलगा भगवानदादा पालव. संगीत पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकरांचं, म्हणजे सी. रामचंद्रांचं. आणि चितळकरांच्या शेजारी बसलेला माणूस हळदोण्याचा अंतोनियो झेवियर वाझ. मुंबई त्यांना चिक चॉकलेट म्हणून ओळखत होती, भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत होती. ‘शोला जो भडके’ आपण सगळ्यांनी लग्नाच्या वरातीत, गणपतीत ऐकलं आहे, पण एकदा गायकांकडे दुर्लक्ष करून ते ऐकावं. बोंगोच्या ठेक्यावर क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट आळीपाळीने पुढे येतात आणि ओळ संपली की तिला उत्तर देतात. गाणाऱ्याने प्रश्न टाकायचा आणि वाद्याने त्याचा निकाल लावायचा, ही न्यू ऑर्लिन्सची जुनी रीत. याच चित्रपटातल्या ‘दीवाना ये परवाना’मध्ये तर चिक चॉकलेट आणि त्यांचे साथीदार झालरींच्या बाह्यांचे कपडे घालून प्रत्यक्ष पडद्यावर दिसतात. नजर भगवानदादा आणि गीता बालींवर असते म्हणून आपण त्यांना पाहत नाही. ताजमध्ये वाजवणारा एक बँड त्या काळात कसा उभा राहत असे, वाद्य कसं धरत असे, याचं हलतं चित्र इथे अख्ख्या देशासमोर सत्तर वर्षांहून जास्त काळ पडलेलं आहे. ते जॅझच्या संग्रहात धरलं जात नाही, कारण त्यावर हिंदी चित्रपटाचा शिक्का आहे.

यावर जॅझचे जाणकार जो आक्षेप घेतात तो मी गंभीरपणे घेतो. ते म्हणतात, जॅझचा प्राण उत्स्फूर्त वादनात आहे. चित्रपटगीतात सगळं कागदावर आधीच लिहिलेलं, गाण्यामधल्या वाद्यसंगीताचे तुकडेही मोजून दिलेले, मग त्याला जॅझ कसं म्हणायचं? पण ही कसोटी लावली तर अमेरिकेतलेही थोर संग्रह निम्मे रिकामे होतील. आर्मस्ट्राँगच्या ‘कॉर्नेट चॉप सुई’ची रेकॉर्ड १९२६ ची, आणि तिची स्वरलिपी त्याने हक्कनोंदणीसाठी १९२४ मध्येच दाखल केली होती. जे ऐकताना सुचत सुचत वाजवल्यासारखं वाटतं, त्याचा बराच भाग दोन वर्षं आधी कागदावर होता. एलिंग्टनचं ‘कन्सर्टो फॉर कूटी’ १९४० चं. त्यात उत्स्फूर्त वादन जवळजवळ नाही, तरी फ्रेंच समीक्षक आंद्रे ओदेर यांनी त्याला जॅझमधल्या सर्वोत्तम कृतींत बसवलं. एलिंग्टन वाद्यासाठी लिहीत नसे, माणसासाठी लिहीत असे. कूटी विल्यम्सचा ट्रम्पेट कसा गुरगुरतो हे ठाऊक असल्यामुळे ती रचना त्याच्या ओठांच्या मापाने बेतली गेली. शिवाय तीन मिनिटांची रेकॉर्ड सगळ्यांनाच काटकसर शिकवत होती. आठ मात्रांच्या जागेत आपली ओळख पटवून बाजूला व्हायचं, हे कसब शिकागोच्या स्टुडिओत लागलं तसंच दादर-ताडदेवच्या स्टुडिओत लागलं. फरक एकच, आणि तो मला फार बोचतो: एलिंग्टनने वादकाचं नाव रचनेच्या शीर्षकातच घातलं. आपण ते पार वगळलं.

दुसरा आक्षेप नकलेचा. ‘समाधी’तलं (१९५०) ‘गोरे गोरे ओ बांके छोरे’ हे ‘डॉल फेस’ या अमेरिकन चित्रपटातल्या कार्मेन मिरांडाच्या गाण्यावरून उचललेलं आहे, हे खरं. ते लपवून उपयोग नाही. पण नक्कल आणि रुजवणूक यांतला फरक कशाने ठरवायचा? इथे मला वादाचं उत्तर गोव्याच्या वाटेवर सापडतं. सीएसएमटीहून रात्री सुटलेली कोकणकन्या सकाळी थिवीला पोचते. तिथून म्हापसा जवळ, हळदोणाही जवळ. त्या काळी वादक गावी जात ते बोटीने, भाऊच्या धक्क्यावरून. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात माडाच्या गुळाचे काळे सुळके, आमसोलं, सुकी मासळी, दोऱ्यात ओवलेली चोरिसं आणि हरमलच्या, हळदोण्याच्या मिरच्यांचे ढीग मांडलेले असतात. शेजारी बाटल्यांमध्ये धुरकट रंगाचं, माडाच्या सुरेचं व्हिनेगर. या बाटलीत माझ्या म्हणण्याचा मुख्य पुरावा आहे. ‘विंदालू’ हा शब्द मुळात पोर्तुगीज; वाइन आणि लसूण यांत मुरवलेलं मांस, एवढाच त्याचा अर्थ. गोव्यात द्राक्षांची वाइन नव्हती, तेव्हा तिच्या जागी रेंदेराने माडावरून उतरवलेली सूर आंबवून घातली गेली. मिरची पोर्तुगिजांनीच अमेरिकेतून आणलेली. तीही घातली गेली. जी वस्तू मिळत नाही तिच्या जागी इथली वस्तू बसवताना पदार्थ नवा झाला. पुढे इंग्रजांच्या खानावळींनी नावातलं ‘आलू’ ऐकलं आणि त्यात बटाटे घातले. नक्कल म्हणायची तर ती त्याला म्हणा. ‘गोरे गोरे’मध्ये मूळ गायिकेच्या जागी इथल्या दोन गायिकांचे गळे आले, ठेका बदलला, शब्द आपले झाले. आणि ‘आशा’तल्या (१९५७) ‘ईना मीना डीका’मध्ये तर चितळकरांनी निरर्थक शब्दांचं गाणं रचलं, ज्यात कान देऊन ऐकलं तर कोंकणीतला नकार स्वच्छ ऐकू येतो. शब्द सोडून नुसत्या ध्वनींनी गाण्याची जॅझची खोड गोव्याच्या बोलीत इतकी मुरली होती.

जॅझच्या संदर्भात स्वयंपाक ही नुसती उपमा झाली, आवडीच्या दोन गोष्टी ओढूनताणून एकत्र बांधल्या, असं कुणी म्हणेल. हळदोण्याच्या रस्त्यावर ते म्हणणं टिकत नाही. म्हापसा नदीच्या काठावर सेंट थॉमसचं पांढरं चर्च आहे. १९१६ मध्ये याच गावात जन्मलेल्या अंतोनियो वाझ या मुलाला चर्चच्या संगीताने सूर शिकवला. त्याच चर्चच्या फेस्ताला घराघरात सोरपोतेल आणि शागुती रांधली गेली. ही दोन्ही कौशल्यं एकाच आवारात वाढली, एकाच समुद्रवाटेने आलेल्या सामानावर. चिकन काफ्रिअलचं नातं आफ्रिकेतल्या पोर्तुगीज वसाहतींशी सांगितलं जातं. म्हणजे आफ्रिकेची चव या किनाऱ्यावर जॅझच्या आधी येऊन पोचली होती. आता एखाद्या घरातला रेशादचा मसाला जवळून पाहा. सुक्या लाल मिरच्या, लसूण, जिरं, मिरी, लवंग, दालचिनी, किंचित हळद. आणि वाटायचं ते पाण्यात नव्हे, व्हिनेगरमध्ये, कारण पाण्याने मसाला टिकत नाही. दोन बोटांत चोळून कणी लागली नाही की वाटण झालं. मग बांगड्याला कण्याच्या दोन्ही बाजूंनी चिरून हे वाटण आत भरायचं आणि तव्यावर मंद आचेवर तळायचं. यादी सगळ्यांची सारखीच असते, तरी दोन घरांचा रेशाद एकसारखा लागत नाही. व्हिनेगर किती जुनं, मिरची कुठल्या गावची, वाटणारीचा हात किती वेळ फिरला, हे यादीत नसतं. लिहिलेल्या स्वरांमधून चिक चॉकलेट यांचा ट्रम्पेट ओळखू येतो तो नेमका असाच. आणि इथेही नाव नाही. शागुतीचं प्रमाण कुणी बसवलं, त्यातलं दगडफूल आणि खसखस कुणी मोजली, त्या बायकांची नावं कोणत्याच लेबलावर आली नाहीत.

राहता राहिला आक्षेप सोयीचा. काळा घोड्याचं रेकॉर्डचं दुकान ऱ्हिदम हाउस २०१६ साली बंद झालं; आता सगळं संगीत फोनवर मिळतं, जुने चित्रपट आणि पाककृतीही मिळतात, मग जड तबकड्या घरात भरून आणि वाटणघाटण करून काय साधतं? माझं उत्तर व्यवहाराचं आहे. फोनवरच्या गाण्याखाली जी माहिती येते ती त्याच जुन्या लेबलावरून उतरवलेली असते; लेबलाने जे गाळलं ते तिथेही गाळलेलंच राहतं, फक्त ते गाळलं गेलं आहे हे दिसेनासं होतं. उलट ज्यांनी माणसांना प्रत्यक्ष विचारलं त्यांच्या हाती नावं लागली. ग्रेगरी बूथ यांचं स्टुडिओतल्या वादकांवरचं ‘बिहाइंड द कर्टन’ आणि नरेश फर्नांडिस यांचं ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ ही दोन पुस्तकं नसती तर हा लेख लिहिता आला नसता. १९७७ च्या एका चित्रपटगीतापासून देशातलं पोरसुद्धा अँथनी गोन्साल्विस हे नाव गुणगुणत आलं आहे, पण ते माजोर्ड्याच्या एका खऱ्या व्हायोलिन शिक्षकाचं नाव आहे, आणि शिष्य असलेले संगीतकार प्यारेलाल यांनी ते गाण्यात घालून गुरूचं ऋण मानलं, हे किती जणांना माहीत असतं? चित्रपटांचंही तेच. ‘बॉम्बे व्हेल्व्हेट’ने (२०१५) त्या काळची मुंबई श्रीलंकेत प्रचंड सेट लावून उभी केली, बार्द्रॉय बार्रेटो यांच्या कोंकणी ‘नाचूंया कुंपासार’ने (२०१४) गोव्याचे संगीतकार ख्रिस पेरी आणि गायिका लोर्ना यांची गाणीच हाताशी धरून गोष्ट सांगितली. दुसरा चित्रपट मला कितीतरी खरा वाटतो, कारण त्यात वादक सजावटीला आणलेले नाहीत.

आणि घर तर लागतंच. हे संगीत हॉटेलात जन्मलं तरी टिकलं ते घरांमध्ये, तीन-तीन मिनिटांनी रेकॉर्ड उलटणाऱ्या माणसांमुळे. लाँग प्लेची एक बाजू वीस-बावीस मिनिटांची. तेवढ्यात शागुतीचं खोबरं मंद आचेवर नीट भाजून होतं. शंकर-जयकिशन यांची १९६८ ची ‘रागा-जॅझ स्टाइल’ लावावी. रईस खान यांच्या सतारीभोवती सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट कसे वळण घेतात ते ऐकावं, कढईवर लक्ष ठेवावं. कान आणि हात एकाच वेळी कामाला लागले की दोन्हींचा अंदाज सुधारतो, हे अनुभवाने कुणालाही पडताळून पाहता येईल.

माझी वाचकांना एक विनंती आहे. तुमच्या माळ्यावर किंवा ट्रंकेत जुन्या रेकॉर्ड असतील, आई-आजीच्या हस्ताक्षरातली पाककृतींची वही असेल, तर ती रद्दीत घालण्यापूर्वी घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला विचारा: हे कुणी वाजवलं होतं, हे कुणी केलं होतं? जे नाव मिळेल ते वहीच्या समासात आणि रेकॉर्डच्या कागदी पाकिटावर लिहा. लिहिताना रेकॉर्ड पाकिटाबाहेर काढून ठेवा आणि पेन्सिल वापरा. शाई आत उतरते आणि पेनाच्या दाबाने चर दुखावतात.